डब्यातली उसळ आणि झाकणावरचा आकडा

आई पहिल्यांदा आमच्याकडे ओहायोला आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातलं कपाट उघडून उभी राहिली आणि म्हणाली, "काय रे, मिरची कधीपासून मांसाहारी झाली?" तिच्या हातात टिनचा डबा होता आणि त्यावर ठळक अक्षरांत 'व्हेजिटेरियन चिली'. शाकाहारी मिरची! तिचा प्रश्न बरोबरच होता.

तिला समजावून सांगितलं. इकडे चिली म्हणजे मिरची नव्हे, मिरची घालून शिजवलेलं दाट कालवण. मूळचं टेक्सासचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सॅन अँटोनियोच्या चौकांत संध्याकाळी बायका चुली मांडून मांसाची चिली विकायच्या. लोक त्यांना 'चिली क्वीन्स' म्हणायचे. १९७७ मध्ये टेक्सासने चिलीला राज्याच्या पदार्थाचा मान दिला. तिथला कट्टर माणूस चिलीत राजमा घालणाऱ्याला अजूनही आपल्यात धरत नाही. गंमत अशी की चिलीतून मांस काढून टाकलं की उरतो तो मुख्यतः राजमाच. म्हणजे टेक्सासवाल्याच्या लेखी जे चिलीत नकोच, त्याच्या जिवावर हा शाकाहारी डबा उभा आहे.

आईने चमचाभर चाखून निकाल दिला, "उसळच आहे रे ही. गूळ घातलेली."

गुळाचा अंदाज अगदीच चुकला नव्हता. घटकपदार्थांच्या यादीत साखर होती. पण आधी या डब्याची बाजू मांडतो, कारण त्याची बाजू भक्कम आहे आणि आपल्याकडे 'डब्यातलं म्हणजे वाईट' असं एका दमात म्हणून टाकायची सवय आहे.

अशा डब्यात साधारण ४२५ ग्रॅम ऐवज असतो. आमच्या कपाटातल्या डब्यात ३८० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं आणि १६ ग्रॅम तंतू, म्हणजे फायबर. ब्रँड बदलला की आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण चित्र हेच राहतं. संपृक्त चरबी नगण्य. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, दिवसाला २८ ग्रॅम तंतू हे प्रमाण धरलंय. इथली बहुतेक माणसं त्याच्या जवळपासही पोचत नाहीत. एका डब्यात निम्म्याहून जास्त तंतू मिळत असतील, तर तेवढ्याच पैशात येणाऱ्या बर्गरपेक्षा किंवा फ्रोझन पिझ्झाच्या तुकड्यापेक्षा हे जेवण कितीतरी वरचं आहे, यात मला शंका नाही.

आणि डबाबंद करताना 'सगळं सत्त्व निघून जातं' हेही खरं नाही. क जीवनसत्त्व आणि थायमिन उष्णतेने घटतं. प्रथिनं आणि तंतू मात्र जागेवर राहतात. टोमॅटोतलं लायकोपीन शिजल्यावर शरीराला उलट जास्त सोपं पडतं. कच्च्या राजम्यात एक विषारी लेक्टिन असतं, ते नीट खळखळून उकळलं नाही तर उलट्या होतात. स्लो कुकरमध्ये मंद आचेवर राजमा टाकून ऑफिसला जाणाऱ्या नवख्या मंडळींनी याचा अनुभव घेतलेला असतो. डब्यातल्या राजम्याला तो धोका नाही. लोह आहे, पण वनस्पतीतलं, म्हणजे शरीर ते नाखुशीने घेतं. वर लिंबू पिळावं आणि जेवल्याजेवल्या चहा घेऊ नये, एवढं पाळलं तरी फरक पडतो. बी-१२ मात्र त्यात नाही, वेगळं घातलेलं असल्याशिवाय नाहीच. निव्वळ अशा डब्यांवर जगणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवावं.

मग ते मांसासारखे लागणारे बारीक कण. आईने चमच्याने एक वेगळा काढला, बोटांत दाबून पाहिला आणि हळूच विचारलं, "हे नक्की शाकाहारी आहे ना?" आहे. सोयाबीनचं तेल काढून घेतल्यावर उरणारं पीठ यंत्रातून दाबाने आणि उष्णतेने बाहेर काढलं की ते फुगून तंतूमय होतं. १९६० च्या दशकात इलिनॉयमधल्या आर्चर डॅनियल्स मिडलंड या कंपनीने ते विकसित केलं. आपल्याकडे किराणा दुकानात सोया चंक्स म्हणून मिळतात त्या वड्या याच घराण्यातल्या, फक्त इथे त्यांचा चुरा असतो. लातूर आणि विदर्भाच्या माणसाला सोयाबीनची ओळख करून द्यायला नको. तेल काढून उरलेल्या पेंडीतून आणखी काय काय होतं, हे मात्र त्याच्या ताटात क्वचितच दिसतं. या सोयाची प्रथिनं दर्जाने चांगली, राजम्याच्या प्रथिनांपेक्षा काकणभर सरसच.

ब्राझीलच्या संशोधकांनी रूढ केलेल्या 'नोव्हा' वर्गवारीत असं सोया आणि सुधारित स्टार्च असलेली चिली अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांत जाते, म्हणजे कोलाच्या पंगतीत. ही वर्गवारी एरवी उपयोगी असेल. पण राजम्याच्या डब्याला आणि कोलाच्या बाटलीला जी एकाच पाटावर बसवते, ती या बाबतीत मला काहीच शिकवत नाही.

तर, डबा चांगला आहे. म्हणूनच तो फसवतो.

आम्ही दोघं ऑफिसला जायचो. आई दुपारी एकटीच. शेगडी विजेची, तिला त्या सपाट काचेची भीती वाटायची. मी तिला झाकणाची कडी ओढून डबा कसा उघडायचा आणि आतला ऐवज काचेच्या वाडग्यात काढून मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं कसा गरम करायचा ते शिकवलं. ती अर्धा डबा दुपारी पोळीबरोबर खायची आणि उरलेला चारच्या सुमारास, कारण उरलेलं टाकवत नाही. तिला रक्तदाबाची गोळी आहे. साताऱ्याहून येताना तिने रक्तदाब मोजायचं यंत्र आणि एक वही आणली होती. तिसऱ्या आठवड्यात वहीतला वरचा आकडा १३० च्या घरातून १५० च्या घरात गेला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, "लोणचं, पापड, फरसाण?"

"काही नाही हो डॉक्टर," आई म्हणाली. "साधी उसळ खाते."

ती खोटं बोलत नव्हती. मी मागे उभा होतो आणि मलाही ते खरंच वाटलं. त्या रात्री डबा उलटा करून चष्मा लावून वाचला. सोडियम ११८० मिलिग्रॅम, रोजच्या प्रमाणाच्या ५१ टक्के. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं: जवळजवळ तीन ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा चमचा. एफडीएने दिवसाची मर्यादा २३०० मिलिग्रॅम सोडियम ठेवलीय. जागतिक आरोग्य संघटना म्हणते २००० च्या आत, म्हणजे पाच ग्रॅम मीठ. त्या हिशेबाने आईच्या दिवसभराच्या मिठाच्या मर्यादेतलं जवळजवळ साठ टक्के या 'साध्या उसळी'तूनच येत होतं. त्यात पोळीचं, भाजीचं, आमटीचं मीठ अजून धरलेलंच नाही.

रक्तदाबाचं सगळं खापर मी डब्यावर फोडणार नाही. लांबचा प्रवास, बिघडलेली झोप, परका गाव, दिवसभराचा एकटेपणा, यातल्या कुठल्याही कारणाने आकडा चढू शकतो. माझी तक्रार वेगळी आहे. आयुष्यभर वरून मीठ न घेणारी, लोणच्याची फोड धुऊन खाणारी बाई तीन आठवडे रोज अर्धा चमचा मीठ खात होती आणि तिच्या जिभेला ते कळलं नाही. खारट लागतच नाही. टोमॅटोचा आंबटपणा, साखर, मिरची, यीस्टचा अर्क आणि स्टार्चचा दाटपणा या सगळ्यांच्या आड मीठ बसलेलं असतं. पापडात मीठ आहे हे पापड स्वतःच सांगतो. हा डबा सांगत नाही.

वर पुन्हा 'व्हेजिटेरियन' हा शब्द. आपल्या मनात शाकाहारी आणि सात्त्विक हे शब्द हातात हात घालून फिरतात. हिरवा ठिपका दिसला की आपण निश्चिंत होतो. त्या ठिपक्याचं काम फक्त आत मांस, मासे, अंडं नाही एवढंच सांगण्याचं आहे. इकडच्या डब्यावर पान काढलेलं असतं, 'प्लांट-बेस्ड' लिहिलेलं असतं, प्रथिनांचा आकडा मोठ्या टायपात असतो. प्रथिनांचा आकडा समोर आणि मिठाचा मागे, ही मांडणी आपोआप झालेली नाही.

इथे कुणी म्हणेल, अहो डब्यात पदार्थ टिकवायला मीठ लागणारच. हा युक्तिवाद मी शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकलाय आणि तो सपशेल चुकीचा आहे. लोणच्यात मीठ टिकवण्यासाठी असतं. डब्यात नाही. डबा टिकतो तो हवाबंद झाकणामुळे आणि रिटॉर्टमुळे. रिटॉर्ट म्हणजे थोरला प्रेशर कुकरच म्हणा. त्यात बंद डबा १२१ अंशांच्या आसपास तापवतात, तोही त्याच्या गाभ्यापर्यंत, बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू मरतील इतका वेळ. नुसत्या मिठाने हा जिवाणू थोपवायचा तर सुमारे दहा टक्के मीठ लागेल. चिलीत ते ०.७ टक्के आहे. तेवढ्याने काहीही टिकत नाही. २००७ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टाच्या एका कारखान्यातल्या चिली सॉसच्या डब्यांमुळे बोटुलिझमची साथ झाली, ती मीठ कमी पडल्यामुळे नाही, उष्णता कमी पडल्यामुळे. म्हैसूरच्या डीएफआरएल या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेने आपल्याकडे रुजवलेलं पाऊचमधल्या तयार जेवणाचं तंत्रही हेच. विद्यार्थी बॅगेत कोंबून आणतात ती राजमा मसाल्याची पाकिटं उष्णतेवर टिकतात, मिठावर नाही.

याचा जिवंत पुरावा त्याच फळीवर असतो. याच चिलीचा 'लाइट इन सोडियम' असा प्रकार मिळतो. ते शब्द छापायचे तर कायद्याने सोडियम निम्मं करावं लागतं. तो डबाही वर्षानुवर्षं टिकतो. म्हणजे निम्मं मीठ काढता येतं हे बनवणाऱ्यांनीच सिद्ध केलंय. मग उरलेलं निम्मं नेहमीच्या डब्यात कशासाठी असतं? चवीसाठी. शेजारच्या डब्यापेक्षा आपला डबा फिका लागू नये यासाठी. एकट्याने मीठ कमी करणारा मार खातो, म्हणून कुणीच करत नाही.

साधा उकडलेला राजमा डब्यात मिळतो, तो चाळणीत ओतून नळाखाली धुतला की सोडियम चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी होतं. चिली धुता येत नाही. तिचं मीठ रश्श्यात असतं आणि रस्सा म्हणजेच चिली.

आता माझा खरा मुद्दा. हा डबा म्हणजे अन्नावरच्या लेबलांच्या सगळ्या जागतिक वादाची उत्तम परीक्षा आहे. खरोखर चांगला आणि खरोखर खारट, एकाच वेळी. चिप्सच्या पुडीवर कुठलंही लेबल लावा, ती नापासच होणार. बटाट्याच्या पुडीला नापास करून लेबलाची पारख होत नाही. पारख इथे होते.

भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, एफएसएसएआयने, सप्टेंबर २०२२ मध्ये पाकिटाच्या दर्शनी बाजूला तारे छापायचा मसुदा काढला. अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत, हॉटेलांना देतात तसे. ही कल्पना ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २०१४ पासून चालू असलेल्या पद्धतीच्या वळणाची. हिशेब असा: कॅलरी, संपृक्त चरबी, साखर आणि सोडियम यांचे दोषांक मांडायचे, त्यातून तंतू, प्रथिनं, फळं, भाज्या, कडधान्यं यांचे गुणांक वजा करायचे आणि उरेल त्यावर तारे द्यायचे. मी ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीने आमच्या डब्याचं गणित कागदावर करून पाहिलं. चारच्या आसपास तारे येतात. पाचपैकी चार! राजम्याच्या पुण्याईवर मीठ तरून जातं.

आता हे चार तारे आईला दाखवा. ती काय समजेल? ती समजेल, हे खायला हरकत नाही. आणि पंचविशीतल्या धडधाकट पोराच्या बाबतीत ते बरोबरही आहे. पण तंतू खाल्ले म्हणून रक्तदाबाच्या रुग्णाचं मीठ वजा होत नाही. ही वजाबाकी कागदावर होते, शरीरात नाही. शाळेत मराठीत नव्वद आणि गणितात वीस मिळाले तर सरासरी पंचावन्न होते हे खरं, पण म्हणून कुणी त्या मुलाला हिशेबाच्या गल्ल्यावर बसवत नाही. नापासाच्या विषयाखाली लाल रेघ मारलीच पाहिजे.

मग लाल रेघच मारावी, असं चिलीने केलं. हा चिली म्हणजे देश. लेखात दोन चिली आल्या त्याला माझा इलाज नाही. २०१६ पासून तिथे साखर, चरबी, सोडियम किंवा कॅलरी मर्यादेपलीकडे असल्या की पाकिटावर काळा अष्टकोन छापावा लागतो: 'याचं प्रमाण जास्त'. आपल्याकडचे आरोग्य कार्यकर्ते याच धर्तीवरच्या इशाऱ्याची मागणी करतात आणि मी मनाने त्यांच्याच बाजूचा आहे. पण आमचा डबा घेऊन मी तो नियम लावायला बसलो आणि अडखळलो. तिथे घन पदार्थांसाठी सोडियमची मर्यादा १०० ग्रॅमला ४०० मिलिग्रॅम आहे. आमच्या डब्यात १०० ग्रॅमला येतं सुमारे २८० मिलिग्रॅम. चिली चिलीत पास! कारण उघड आहे. डब्यात पाणी भरपूर. पाण्याने मीठ पातळ होतं आणि १०० ग्रॅमचं माप त्याला भुलतं. पण कोण १०० ग्रॅम चिली खातं? माणूस एक डबा खातो.

ब्रिटनची पद्धत ऐच्छिक आहे, पण या बाबतीत सगळ्यांत चतुर. तिथल्या लाल-पिवळ्या-हिरव्या दिव्यांत १०० ग्रॅमला दीड ग्रॅम मीठ ओलांडलं की लाल, हा एक नियम. आणि शंभर ग्रॅमपेक्षा मोठ्या वाढपात एका वेळच्या खाण्यात १.८ ग्रॅम ओलांडलं तरी लाल, हा दुसरा. आमचा डबा पहिल्या नियमातून सुटतो आणि दुसऱ्यात अडकतो. अमेरिकेतही जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने एक चौकट सुचवली: दर्शनी बाजूला संपृक्त चरबी, सोडियम आणि वरून घातलेली साखर, प्रत्येकापुढे 'कमी', 'मध्यम' किंवा 'जास्त'. एका वाढपात रोजच्या प्रमाणाच्या वीस टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर 'जास्त'. आमच्या डब्यावर छापलं जाईल: चरबी कमी, सोडियम जास्त. खरं तेच, एका ओळीत. त्या चौकटीत रंग नाहीत, ती पाहून कुणी दचकणार नाही, आणि कंपन्यांनी खळखळ केली तर ती केव्हा बाजारात दिसेल हा प्रश्न आहेच. तरी पाच ताऱ्यांपेक्षा ती मला हजार पटींनी प्रामाणिक वाटते.

'एक वाढप' म्हणजे किती, हे कोण ठरवतं याला मात्र फार महत्त्व आहे. पूर्वी या डब्यांवर लिहिलेलं असायचं: एक वाढप एक कप, डब्यात सुमारे दोन वाढपं. म्हणजे मागच्या तक्त्यात सोडियम सहाशे-सातशेच दिसायचं. घाईत वाचणारा तोच आकडा धरायचा आणि अख्खा डबा खायचा. २०१६ च्या नव्या नियमांनी ठरवलं की ज्या डब्यात प्रमाणित वाढपाच्या दुपटीपेक्षा कमी माल आहे, तो एकाच वाढपाचा समजायचा, कारण माणूस तो एका बैठकीत संपवतो. मोठ्या कंपन्यांना हे जानेवारी २०२० पासून लागू झालं. पावणेदोन कपांचा डबा या व्याख्येत चपखल बसतो. डब्यातली चिली तीच, मीठ तेच, पण लेबलावरचा आकडा जवळजवळ दुप्पट झाला. कुठल्याही आहारतज्ज्ञाच्या भाषणापेक्षा या एका कलमाने जास्त काम केलंय.

भारतात हा वाद अजून चालूच आहे. जुलै २०२४ मध्ये एफएसएसएआयने साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर्शनी इशाऱ्यांबाबत तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं. मसुद्यावर चौदा हजारांवर हरकती आणि सूचना आल्या होत्या. मग मुदत वाढवून मिळाली. मसुदा, हरकती, समिती, मुदतवाढ: आपल्याकडे ही साखळी कुणाला नवी नाही. पण त्यात एक गोष्ट आपण इकडच्यापेक्षा आधीच बरी केली आहे. आपल्या नियमांत रोजच्या सोडियमचा आधार २००० मिलिग्रॅम आहे, अमेरिकेचा २३००. आमचा हाच डबा भारतीय हिशेबाने ५१ नव्हे, ५९ टक्क्यांचा. प्रश्न एवढाच की हा आकडा पाकिटाच्या मागच्या शिवणीत, तेलकट बोटांनी पुसून जाईल इतक्या बारीक टायपात राहणार, की पुढे येणार.

'लोकांनी वाचायला शिकावं' असं एक मत असतं. ते मांडणारा माणूस सहसा चाळिशीच्या आतला असतो. आईने पस्तीस वर्षं शाळेच्या कार्यालयात हिशेब लिहिले. मिलिग्रॅम आणि टक्के तिला माझ्याइतकेच कळतात. पण डब्याच्या गोलाईवर दोन मिलिमीटरच्या अक्षरांत छापलेला तक्ता तिला दिसत नाही, आणि जी गोष्ट उसळ आहे तिचा तक्ता वाचावा हे तिच्या मनातही येत नाही. ज्याला शंका आली तोच मागची बाजू वाचतो. निःशंक माणसासाठी दर्शनी बाजू असते.

दुसरं मत जास्त लाडकं: 'घरी करा ना!' करावं, जरूर करावं. वाटीभर राजमा रात्री भिजवावा, सकाळी कुकरला चार-पाच शिट्ट्या जास्त द्याव्यात. चौघांच्या उसळीला एक चमचा मीठ घातलं तर माणशी पाव चमचा होतं, डब्याच्या निम्मं. हिशेब चोख आहे. पण रात्री अकराला गोदामातली पाळी संपवून येणारा, चौघांत एक खोली घेऊन राहणारा विद्यार्थी, सपाट काचेच्या शेगडीला घाबरणारी सत्तरीची बाई, यांना हा उपदेश ऐकवताना थोडं अवघडल्यासारखं व्हायला हवं. डबा त्यांच्यासाठीच आहे आणि त्यांना तो चांगला मिळायला हवा. घरी शिजवण्याचा उपदेश म्हणजे बनवणाऱ्याची जबाबदारी अलगद उचलून खाणाऱ्याच्या, त्यातही घरातल्या बाईच्या डोक्यावर ठेवणं. अमेरिकी माणसाच्या पोटात जाणाऱ्या सोडियममधलं सत्तर टक्क्यांहून अधिक पाकिटांतून आणि हॉटेलांतून येतं, त्याच्या स्वतःच्या मीठदाणीतून नाही. एफडीएने २०२१ मध्ये १६३ प्रकारच्या पदार्थांसाठी सोडियमची उद्दिष्टं जाहीर केली. ती ऐच्छिक आहेत. मघाशी म्हटलं तसं, मीठ कमी करण्यात पहिला कोण होणार हाच जिथे पेच आहे, तिथे ऐच्छिक उद्दिष्ट म्हणजे 'तुम्ही आधी' म्हणत दारात उभे राहिलेले दोन पाहुणे. सगळ्यांना एकदम आत ढकलावं लागतं. जिभेची सवय काही आठवड्यांत बदलते. हळूहळू आणि सगळ्यांनीच कमी केलं तर कुणाला कळतही नाही.

घरात मात्र आमचा कायदा लगेच झाला, मसुदा आणि हरकतींशिवाय. आईने मला डबे वाचायला बसवलं. मी आकडा सांगायचो आणि ती काळ्या मार्करने झाकणावर लिहायची, बोटभर उंच: ११८०. पुढच्यावर ११५०. 'लाइट' डब्यावर ५९०. बिनमिठाच्या साध्या राजम्याच्या डब्यावर २० लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मग तिने स्वतःची युक्ती काढली. एक चिलीचा डबा आणि एक बिनमिठाच्या राजम्याचा, दोन्ही पातेल्यात एकत्र, वर लिंबू, कोथिंबीर आणि आणलेला गोडा मसाला. ते तीन दिवस पुरायचं. ती चिली राहिली की उसळ झाली, कोण जाणे. मला मूळ डब्यापेक्षा जास्त आवडायची.

ऑक्टोबरमध्ये ती परत गेली. गेल्या आठवड्यात माझा भाचा विद्यापीठातून राहायला आला होता. रात्री कपाट उघडून खाली वाकून झाकणं बघत म्हणाला, "मामा, हे काय, एक्स्पायरी आहे का?" मी म्हटलं, आजीने लिहिलंय. त्याने दोन-तीन डबे उचलून पाहिले, ११८० परत ठेवला आणि ५९० चा उघडला.